पुन्हा न विचारता

४ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण सोबतचा छापील कागद आधी वाच. माझं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल. तो कागद वाचायलाच हवा.

तुझा पत्ता मामेबहिणीकडून मिळवला. ती द्यायला तयार नव्हती. "उद्या तिने मला विचारलं तर मी काय सांगू?" म्हणाली. मी म्हटलं, सांग की हिसकावून घेतला. तेव्हा कुठे दिला. तू छापखान्यात मुद्रितं तपासतेस हेही तिनेच सांगितलं. चांगलं काम आहे. दुसऱ्याच्या चुका तुला लहानपणापासून दिसायच्या.

आता कामाचं. मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी आठवड्यातून दोन दिवस रुग्णालयात नव्या मुलींना शिकवायला जाते. गेल्या चार महिन्यांपासून तिथे एक अभ्यास चालू आहे. रुग्णाला आमच्याच हातून इजा होते ती कुठे होते, कशी होते, आणि थोडक्यात टळते तेव्हा कोणामुळे टळते, असा विषय. त्यासाठी एक डॉक्टर बाई आल्या आहेत, चाळिशीच्या. वॉर्डाच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसतात आणि जे दिसेल ते टिपून घेतात. मुलींनी त्यांचं नाव टिपणबाई ठेवलंय. पहिल्या आठवड्यात सगळ्या त्यांना बिचकून होत्या. आता त्यांच्याकडेच पेन मागतात आणि परत देत नाहीत.

या अभ्यासातून एक पुस्तिका निघणार आहे. ती सगळ्या रुग्णालयांत प्रशिक्षणाला वापरतील. पहिलं प्रकरण माझ्या नियमावर आहे. तुला तो नियम माहीत नसेल, तो तू गेल्यानंतरचा. फोनवर किंवा तोंडी औषध सांगितलं, तर ऐकणारीने ते आधी लिहायचं, मग सांगणाऱ्याला परत वाचून दाखवायचं, आणि त्यानंतरच सिरिंजला हात लावायचा. शिवाय पाव, पाऊण, दीड, अडीच हे शब्द वॉर्डात उच्चारायचे नाहीत. पाव म्हणायचं असेल तर शून्य पॉइंट दोन पाच म्हणायचं. मुली याला 'मेट्रनबाईंची उलट बोली' म्हणतात. "आमच्याकडे उलट बोललं नाही तर शिक्षा होते," असं पाहुण्यांना सांगतात. कँटीनवाला तर मी दिसले की विचारायचा, "मॅडम, चहाबरोबर शून्य पॉइंट दोन पाच देऊ का?" असो.

नियम का करावा लागला हे प्रकरणात सांगणं भाग आहे. म्हणून ती सकाळ त्यात आहे. तुझं नाव नाही, माझं नाही, त्या मुलीचंही नाही. पण तू वाचलंस तर ओळखशील. परिच्छेद असा आहे:

"बालरुग्ण विभागात दूरध्वनीवरून आलेला 'पाव मिली' हा आदेश एका कनिष्ठ परिचारिकेने 'पाच मिली' असा ऐकला व विभागप्रमुख परिचारिकेला पुन्हा न विचारता औषध दिले. दोन वर्षांच्या रुग्ण मुलीचा मृत्यू झाला."

पंधरा मार्चला मजकूर छापायला जातो. तुला हे कुणा दुसऱ्याच्या हातात दिसू नये, आधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. उत्तराची अपेक्षा नाही.

मोठी


१५ फेब्रुवारी

धाकटे,

पोचपावती मिळाली. तुझी सही बदलली आहे. पूर्वी तू सहीखाली रेघ ओढायचीस, इतकी जोरात की मागच्या पानावर उमटायची.

उत्तराची अपेक्षा नाही असं मी लिहिलं होतं. ते खरं धरून तू लिहिलं नाहीस, तर चूक माझी.

काल टिपणबाई माझ्या वर्गात येऊन बसल्या. मुली गेल्यावर त्यांनी वही उघडली. म्हणाल्या, "मॅडम, चार वॉर्ड, नऊ आठवडे, दोनशे चौदा तोंडी आदेश. त्यातले एकशे नव्वद मुलींनी परत वाचून दाखवले. तुमचा नियम पाळला जातो. अभिनंदन."

"अभिनंदन नको. पुढे बोला."

"एकशे नव्वदपैकी सात वेळा मुलीने चुकीचं वाचलं. औषधाचं नाव तरी चुकलं, नाही तर आकडा."

"मग? त्याचसाठी तर वाचायचं. समोरचा दुरुस्त करतो."

"सातपैकी पाच वेळा समोरचा 'हो' म्हणाला."

मी फळा पुसायला घेतला.

"ते पाचही पुढे कुणी ना कुणी पकडले, म्हणून कुणाला इजा झाली नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या नियमाने पकडले नाहीत. मी समोर बसले होते. मुलगी नीट बोलते. समोरचा चार्ट बघत असतो, घड्याळ बघत असतो, दुसऱ्याशी बोलत असतो. तो 'हो' म्हणतो ते तिचं ऐकून नाही. तिने बोलणं थांबवावं म्हणून म्हणतो. आणि एकदा हो मिळालं की मुलगी निर्धास्त होते. म्हणजे न विचारण्यापेक्षाही वाईट."

मी म्हटलं, हे चांगलं निरीक्षण आहे, पुस्तिकेत घाला.

"घालणारच. पण लोक विचारतील, याने खरंच कुणी दगावतं का? माझ्याकडे तसं एकही प्रकरण नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या सकाळी त्या कनिष्ठ मुलीने खरंच विचारलं नव्हतं?"

"चौकशीचा अहवाल वाचा."

"वाचला. त्यात ती म्हणते, मी विचारलं होतं."

"समितीने ते मानलं नाही."

"का मानलं नाही?"

"विभागप्रमुखाने 'नाही' असं सांगितलं म्हणून."

"म्हणजे तुम्ही."

"म्हणजे मी."

त्यांनी यातलं काही टिपून घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला ते आवडलं नाही. लिहीत होत्या तेव्हा बरं होतं.

घरी येऊन ती सकाळ कागदावर क्रमाने लिहून काढली. तुलाही लिहिते, म्हणजे माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी आहे हे तुला कळेल.

सकाळचे अकरा. चोवीस खाटा आणि एकतीस मुलं. फोन दाराजवळच्या भिंतीवर, तू पार टोकाला नवव्या खाटेशी. तू मोठ्यांच्या वॉर्डातून येऊन तीन आठवडे झाले होते. मीच तुला मागून घेतलं होतं आणि पहिल्याच दिवशी बजावलं होतं, इथे ताई म्हणायचं नाही, सिस्टर म्हणायचं, उगाच कुणाला बोलायला जागा नको. नवव्या खाटेवरच्या मुलीला दुसऱ्यांदा आकडी आली होती. मुलांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "पाव मिली द्या, सावकाश." मी फोनवर हात ठेवून ओरडले, "नऊ नंबरला पाव!" औषधाची ट्रॉली चालली होती, तिचं एक चाक तेव्हा करकरायचं. तीन मुलं रडत होती. तू बाटली उचललीस. मी पुन्हा फोनकडे वळले, कारण डॉक्टर दुसऱ्या मुलाचं सांगत होते.

मी 'पाव' स्पष्ट म्हणाले. याबद्दल मला तेव्हाही खात्री होती, आजही आहे.

पुढचं तुला माहीत आहे.

मोठी


२३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझा लिफाफा मिळाला. आत पत्र असेल म्हणून मी तो दोनदा झटकला. फक्त माझाच कागद परत आला होता. परिच्छेदात एका अक्षराभोवती लाल गोल, आणि समासात ते काढून टाकण्याची खूण. 'पुन्हा न विचारता' यातला 'न'. बाकी मजकुराला तू हात लावलेला नाहीस. खाली तपासल्याची सही. त्या सहीखाली रेघ आहे. मागच्या बाजूला उमटली आहे.

मी तो कागद चार दिवस टेबलावर ठेवला होता. आज लिहिते.

तू विचारलंस.

बाटली हातात घेऊन तू तिथूनच ओरडलीस, "पाच?" आणि मी फोन कानाला धरून, तुझ्याकडे न बघता म्हणाले, "हो, आटप लवकर."

मला वाटतं, तू पाव म्हणालीस असं मी धरून चालले. मी पाव सांगितलं होतं ना, मग तू दुसरं काय म्हणणार? तुझा आवाज आला आणि तो प्रश्न होता, एवढंच माझ्यापर्यंत पोचलं. मला फोनवरचं पुढचं ऐकायचं होतं. तू गप्प व्हायला हवी होतीस.

चौकशीला मला विचारलं, "त्यांनी मात्रेबद्दल पुन्हा विचारलं होतं का?" मी म्हटलं, "नाही." एका शब्दाचं उत्तर. खोटं बोलताना माणसाला त्रास होतो असं म्हणतात, मला झाला नाही. त्रास नंतर झाला. मी हो म्हटलं असं सांगितलं असतं तर दोघी गेलो असतो, आईकडे बघायला एकीची तरी नोकरी राहायला हवी, असं मी स्वतःला सांगितलं. हे कारण मला चौकशीनंतर दोन दिवसांनी सुचलं. आधी कारण नव्हतं, नुसती भीती होती. हे तुला सांगायला हवं.

तू समितीला सांगितलंस, मी विचारलं होतं. अध्यक्षांनी चष्मा काढून जे वाक्य म्हटलं ते मला पाठ आहे. "सख्खी बहीण बहिणीच्या विरोधात खोटं कशाला सांगेल?" तू माझ्याकडे बघितलंस. मी खिडकीकडे बघितलं.

मग माझं नाव झालं. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही, किती करडी बाई आहे. दोन वर्षांत मेट्रन झाले. ज्यांना शिस्त हवी होती त्यांनी मला उचलून धरलं, आणि मी शिस्त दिली. त्यात काही खोटं नाही. पण त्या शिस्तीच्या पायात काय पुरलंय हे मला माहीत होतं.

आईने एकदाच विचारलं. भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "ती म्हणते तिने विचारलं होतं." मी म्हटलं, "आई, तुला वॉर्डातलं काय कळतं?" तिने पुन्हा विचारलं नाही. आपल्या घरात कुणी पुन्हा विचारतच नसे. उलट बोलायचं नाही, हे तुला मीच लहानपणी दटावून दटावून शिकवलं होतं. तरी त्या दिवशी तू उलट बोललीस.

आणि नियम मी त्याच महिन्यात केला. सगळ्यांना वाटलं, बाईंनी दुःखातून मार्ग काढला. ऐकलेलं परत बोलून दाखवायचं, ही गोष्ट तू कुणी न सांगता केली होतीस. मी तुझीच रीत उचलली, तिला माझं नाव दिलं, आणि तुला बाहेर काढलं.

आता ऐक. टिपणबाईंना हवं असलेलं प्रकरण माझ्याकडे आहे. मुलीने विचारलं, समोरची हो म्हणाली, आणि एक मूल गेलं. गेली एकतीस वर्षं मी हजारभर मुलींना नियमाचा अर्धाच भाग शिकवला. बोलायचं कसं ते शिकवलं. ऐकायचं कसं ते शिकवलं नाही, कारण ते शिकवायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. त्या पाच 'हो'मध्ये माझा हात आहे.

सोमवारी मी त्यांना सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाही, तो अधिकार मला नाही. फक्त तुला आधी सांगते.

मोठी


३ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं. सुरुवात वाचून मी खाली बसले. 'सिस्टर,'.

मी तुझा मजकूर इथे उतरवून काढते. नीट उतरवला का ते बघ.

"सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते अर्धं आहे. मी एकदा नाही, दोनदा विचारलं. पहिल्यांदा खाटेजवळून. तुम्ही 'हो, आटप' म्हणालात. मोठ्यांच्या वॉर्डात पाच आम्ही रोज देत असू, तरी एवढ्याशा मुलीला पाच हे मला पटेना. म्हणून मी बाटली घेऊन अर्ध्या वॉर्डापर्यंत चालत आले आणि म्हणाले, 'ताई, पाच ना?' तुम्ही फोनवर हात ठेवलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, 'सिस्टर म्हण.' मी परत गेले. तुम्ही माझी चूक लगेच दुरुस्त केली होती. म्हणजे आकडा चुकला असता तर तोही केला असता. असं मला वाटलं. तेव्हापासून मी सिस्टरच म्हणते."

बरोबर उतरवलं ना?

मला हे आठवत नाही. आठवतंय असं म्हणणं सोपं होतं, तुलाही बरं वाटलं असतं. पण एक खोटं काढायला दुसरं घालणार नाही. 'सिस्टर म्हण' आठवतं, कारण ते मी तुला दिवसातून दहादा म्हणायचे. त्याच्या आधी तू काय म्हणालीस ते आठवत नाही. मला 'ताई' ऐकू आलं. 'पाच' ऐकूच आलं नाही.

तू सांगतेस तसंच झालं असणार. मी तशीच होते.

सोमवारी टिपणबाईंना सगळं सांगितलं. तुझं हे पत्र तेव्हा आलेलं नव्हतं, ते आज दाखवलं. त्यांनी 'सिस्टर म्हण' दोनदा वाचलं आणि वही मिटून ठेवली. "मॅडम, हे अधीक्षकांना सांगावं लागेल."

मी म्हटलं, "चला. दोघी जाऊ."

अधीक्षक माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. इथेच शिकले, माझी बोलणी खात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, जुनी मढी आता कशाला उकरताय?"

"मढं एकच आहे. दोन वर्षांचं आहे."

"तसं नाही म्हणायचं मला. पण यातून कुणाचं भलं होणार? नियम चांगला आहे, तो ठेवू. घटनेचा परिच्छेद काढून टाकू. तुमची बहीण सुटली, तुम्ही सुटलात."

"आणि हो म्हणणारे?"

"त्यांच्यासाठी एक सूचना घालू."

"सूचनेने कुणी ऐकायला लागलं असतं, तर मी तुम्हाला वर्षभर दारात उभं केलं नसतं." यावर टिपणबाईंना खोकला आला.

अधीक्षकांनी दुसरी बाजू धरली. "तुमच्या नावाची पाटी आहे शिकवण्याच्या हॉलवर."

"पाटीला चार स्क्रू आहेत. मी मोजलेत."

मग ते खरं बोलले. "मॅडम, रागावू नका. अहवाल एक सांगतो, तीन जणांच्या सह्या आहेत. मुलांचे डॉक्टर आता हयात नाहीत. तुम्ही एकतीस वर्षांनी येऊन दुसरंच सांगता. लोक म्हणतील, बाईंचं वय झालं, बहिणीची आठवण येते, मनाला लावून घेतलंय. मी समितीपुढे कशाच्या आधारावर ठेवू? तुमच्या बहिणीने पत्र लिहिलंय, ठीक आहे. तिचं म्हणणं तेव्हाही हेच होतं."

म्हणजे बघ. तेव्हा तुझ्या शब्दाला किंमत नव्हती कारण माझा शब्द होता. आता माझ्या शब्दालाही उरली नाही. हे मला मान्य आहे, पण परिच्छेद मान्य नाही. तो तसाच छापला तर पुढची तीस वर्षं मुली शिकतील की तू विचारलं नाहीस. काढून टाकला तर काहीच शिकणार नाहीत.

पुस्तिकेच्या समितीची बैठक बारा मार्चला आहे. सकाळी अकरा, जुन्या इमारतीत, चौकशी झाली तीच खोली. मी लेखी निवेदन देणार आहे. तुला ये असं म्हणत नाही. खोली तुला माहीत आहे, एवढंच सांगते.

मोठी


८ मार्च

धाकटे,

निवेदनाचा मसुदा जोडला आहे. एकच पान. तुझी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी घेतली आहेत, माझी दोन्ही उत्तरंही. दुसऱ्या उत्तरापुढे 'हे मला आठवत नाही, परंतु मी ते नाकारत नाही' असं लिहिलं आहे. टिपणबाई म्हणाल्या, "'नाकारत नाही' हे वकिली वाटतं." मी बदललं. आता 'तिचे म्हणणे मी खरे मानते' असं आहे.

एक प्रत त्या मुलीच्या आईला पाठवते आहे. पत्ता अहवालात होता, माणसं अजून तिथेच राहतात. त्या वेळी त्यांना आम्ही कळवलं होतं, दोषी परिचारिकेला कामावरून कमी केलं आहे. त्या बाईने तेव्हा मला एकच विचारलं होतं, "तुम्ही तिथेच होता ना?" मी हो म्हटलं होतं. तेवढा एक 'हो' खरा होता.

मसुदा तपासून दे. लाल शाईने.

मोठी


१३ मार्च

धाकटे,

काल आपण भेटलो, तरी लिहिते आहे. कारण शेवटी कळेल.

तू मागच्या रांगेत बसली होतीस. केस पांढरे झालेत, आणि मान आईसारखी एका बाजूला धरतेस. मी निवेदन वाचायला उभी राहिले तेव्हा दहाच्या दहा माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी खिडकीकडे बघत होते. तीच खिडकी. मग ठरवून तुझ्याकडे बघितलं आणि वाचलं.

वाचून झाल्यावर अधीक्षक म्हणाले तेच, जे म्हणणार होते. बाईंबद्दल आम्हाला आदर आहे, पण इतक्या वर्षांनी, आणि पुरावा. तेवढ्यात तू उठलीस. मला वाटलं होतं, एकतीस वर्षांचं सगळं आता बाहेर येणार. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते.

तू म्हणालीस, "अहवालातली कनिष्ठ परिचारिका मी. मॅडमनी वाचलं ते मी घरून तपासून आणलंय." आणि पिशवीतून मसुदा काढून टेबलावर ठेवलास. "मी तेव्हाही हेच सांगितलं होतं, तुमच्या फायलीत आहे, शब्दाला शब्द जुळवून बघा. फरक एकच. तेव्हा समोरच्या बाई नाही म्हणाल्या होत्या, आज हो म्हणतायत. आणि दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम जास्त आहे."

फाईल मागवली. टिपणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून मोठ्याने वाचले. 'ताई, पाच ना?' तुझ्या एकतीस वर्षांपूर्वीच्या जबाबात आहे. तिसऱ्या पानावर. समितीने वाचलं नव्हतं. मीही कधी वाचलं नव्हतं. माझ्या कपाटात त्याची प्रत होती.

तू लवकर निघालीस म्हणून निर्णय कळवते. परिच्छेद असा छापायचा ठरला: "कनिष्ठ परिचारिकेने मात्रा दोनदा विचारली. विभागप्रमुख परिचारिकेने न ऐकताच होकार दिला." 'न' एका वाक्यातून निघाला आणि दुसऱ्यात गेला. नियमालाही शेपूट जोडलंय. परत वाचून दाखवल्यावर नुसतं 'हो' चालणार नाही, सांगणाऱ्याने आकडा स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणायचा. जुना अहवाल फेरविचारासाठी वर पाठवणार आहेत. तुझ्या नोकरीवरचा डाग त्यातून निघायला किती काळ जाईल ते सांगता येत नाही, मी मागे लागेन. माझं काय करायचं तेही वरच ठरेल. पाटीचं अजून ठरलेलं नाही. मी स्क्रू ड्रायव्हर नेला होता, अधीक्षकांनी काढून घेतला.

आता व्हरांड्यातलं. बैठकीच्या मध्येच मी तुझ्या मागे बाहेर आले. हातातले कागद पिशवीत बसत नव्हते. तू काहीतरी म्हणालीस आणि मी म्हटलं, "हो."

तू थांबलीस. "काय हो? मी किती म्हणाले?"

मला सांगता येईना. तू काय बोललीस त्यातलं अक्षर माझ्या कानात शिरलं नव्हतं. आत सगळं कबूल करून अर्धा तासही झाला नव्हता. शेजारी टिपणबाई पाणी पीत होत्या. त्यांनी शांतपणे वही काढली आणि म्हणाल्या, "सहावा."

तू हसलीस. आईसारखी, तोंडावर हात ठेवून. मग हात काढून, एकेक शब्द सुटा करून म्हणालीस, "माझी बस साडेपाचला आहे."

मी म्हटलं, "साडेपाच. पाच वाजून तीस मिनिटं."

तू मान हलवलीस आणि जिना उतरलीस.

मी पाच वाजता स्टँडवर आले होते. चार बस उभ्या होत्या, मी तुला फलाटावर शोधत होते. तू तिसरीत, खिडकीशी. माझं लक्ष गेलं तोवर गाडी सुरू झाली होती आणि काच बंद होती. तू मला बघून काहीतरी म्हणालीस. पहिला शब्द मला ओठांवरून कळला. त्याबद्दल मी लिहीत नाही, दुरुस्तही करत नाही. पण त्याच्या पुढे तू आणखी काही म्हणत होतीस, चार-पाच शब्द तरी होते. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आले नाहीत. तू थांबून बघत होतीस, मी काही म्हणते का ते.

मी हो म्हटलं नाही.

काय म्हणालीस? मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग.

मोठी